नशिबाचे सेंट आणि चिंचेचा कोळ

शुगर लँडहून निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत राइस कुकर होता, मुगाची डाळ होती, तीन उशा होत्या (मोटेलच्या उशांवर वसंतरावांचा विश्वास नाही) आणि एक स्टीलचा डबा होता. डब्यात खरं तर मी केलेले बेसनाचे लाडू असायला हवे होते. ते वसंतरावांनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतले आणि डब्यात कापूस घालून अकरा नाणी ठेवली. पहिल्या सिग्नलला मुग्धानं ब्रेक मारला आणि लाडवांचा भुगा झाला. पुढचे तीन दिवस आम्ही लाडू चमच्यानं खाल्ले. नाण्यांना मात्र धक्का लागला नाही.

वसंतराव म्हणजे आमचे हे. घरी मी त्यांना ‘अहो’ म्हणते, पण लिहितानाही तसंच म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल मी त्यालाच हाक मारतेय. मुग्धा आमची एकुलती एक मुलगी, ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीत इंजिनिअर. २००६ च्या उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे शुगर लँडला (ह्यूस्टनचं उपनगर) राहायला गेलो होतो. जावई कामासाठी समुद्रातल्या तेलविहिरीवर गेले होते, म्हणून तिनं तीन दिवस रजा टाकली आणि आम्हाला पश्चिमेला टेकड्यांच्या मुलखात न्यायचं ठरवलं. माझ्या मैत्रिणींना मी फोनवर सांगितलं, ‘‘निसर्ग बघायला चाललोय.’’ हे साफ खोटं होतं. आम्ही चाललो होतो एक सेंट (अत्तर नव्हे, इथलं तांब्याचं सुटं नाणं) आणायला.

वसंतरावांना हा नाद लागला तो अमेरिकेत पोचल्यावर आठ दिवसांत. मुग्धा आम्हाला एका गराज सेलला (घरातली अडगळ दारात मांडून विकतात, तिला) घेऊन गेली होती. मी तिथे खलबत्ता शोधत होते, जो टेक्सासमध्ये कोणी विकायला काढत नाही. वसंतरावांना एका बुटांच्या खोक्यात चकती सापडली. अॅल्युमिनिअमची गोल कडी आणि तिच्या मधोमध घट्ट बसवलेला एक खराखुरा सेंट. कडीवर एका बाजूला घोड्याचा नाल आणि चार पानांचं गवत कोरलेलं, भोवती अक्षरं: ‘मला जपून ठेवा, कधी कफल्लक होणार नाही.’ दुसऱ्या बाजूला कुठल्याशा चपलांच्या दुकानाचं नाव. पूर्वी इथले दुकानदार गिऱ्हाइकांना अशा नशिबाच्या चकत्या फुकट वाटत, आपल्याकडे कॅलेंडरं वाटतात तशा. पण कॅलेंडर वर्षभरात रद्दीत जातं. ही चकती आत नाणं असल्यामुळे टाकवत नाही, आणि नाणं कडीत अडकल्यामुळे खर्चताही येत नाही. म्हणजे दुकानदाराची जाहिरात माणसाच्या खिशात जन्मभर. ज्यानं कोणी हे शोधून काढलं तो मूळचा पुण्याचा असणार, असं मी म्हटलं. वसंतराव मिरजेचे असल्यामुळे मनापासून हसले.

मग काय, दर शनिवारी गराज सेल. बँकेची चकती, खाटकाची चकती, गाड्या दुरुस्त करणाऱ्याची चकती. एका मोटेलच्या चकतीवर ‘दर खोलीत पंखा’ अशी बढाई होती. वसंतराव त्या भिंगातून बघत, वहीत टिपत आणि कापसात ठेवत. ‘‘हात लावू नकोस,’’ असं मला दिवसातून दोनदा सांगत. ते मी मनावर घेतलं नाही, कारण लग्न झाल्यापासून ते दाढीच्या सामानापासून छत्रीपर्यंत प्रत्येक वस्तूबद्दल हेच सांगत आलेत.

हा नुसता रिकामा उद्योग राहिला असता तर मी त्याची थट्टा करून विषय संपवला असता. पण एका संध्याकाळी मुग्धानं त्यांना इंटरनेटवर टेक्सासच्या चकत्यांची एक यादी काढून दाखवली. कोणा एडनाबाईंनी फोटोंसकट मांडलेली. वसंतराव मजेत बघत होते, बघता बघता त्यांचा हात थांबला. पडद्यावरच्या चकतीवर लिहिलं होतं: ‘डॉ. दत्ता, दंतवैद्य, पीकन फ्लॅट, टेक्सास.’

दत्ता म्हणजे दत्तात्रय, वसंतरावांचे थोरले भाऊ, घरातले दादा. दातांचं शिकायला म्हणून साठच्या सुमारास इकडे आले आणि इथल्याच एका मुलीशी लग्न केलं. माझे सासरे भयंकर संतापले. मुलाची पत्रं ते न फोडता परत पाठवत. काही वर्षांनी पत्रं येणं थांबलं, सासूबाई गेल्या तेव्हाही दादा आले नाहीत, आणि नंतर एकदा पीकन फ्लॅटहून त्यांच्या बायकोचं चार ओळींचं पत्र आलं की दादा गेले. पुढे तीही गेल्याचं कळलं. मूलबाळ नव्हतं. आक्का, म्हणजे या दोघा भावांची मोठी बहीण, तेव्हापासून एकच सांगत आल्या: ‘‘त्यानं आपल्याला पुसून टाकलं.’’ मी तर दादांना पाहिलेलंही नाही. घरात त्यांचा एक फोटो नाही, एक कागद नाही.

‘‘हे मला हवं,’’ वसंतराव म्हणाले. ‘‘आक्काच्या हातात नेऊन ठेवायचंय. त्याचं काहीतरी आपल्या घरात असायला हवं की नको?’’

मुग्धानं एडनाबाईंना ईमेल केलं. उत्तर दोन ओळींचं आलं. मी विकत नाही. माझ्याकडे नसलेलं काही आणा आणि बदली न्या.

म्हणून ही यात्रा. आय-टेन हायवे ह्यूस्टन सोडला की सरळसोट पश्चिमेला धावतो. दोन्ही बाजूंना कुरणं, गाई, मधूनच एखादं चर्च. बाहेर इतकं दमट, की गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरायची. एका गावी थांबून आम्ही कोलाची (मधोमध जर्दाळूचा मुरंबा घातलेला गोडसर पाव) खाल्ले. मुग्धानं हौसेनं एकेक मागवला होता. वसंतरावांनी काउंटरवरच्या आजीबाईंना मराठी वळणाच्या इंग्रजीत विचारलं, ‘‘तुमच्याकडे जुने नशिबाचे सेंट आहेत का?’’ आजीबाईंनी गल्ला उघडून त्यांना चार साधे सेंट दिले आणि ‘‘गॉड ब्लेस यू’’ म्हणाल्या. बाहेर येईपर्यंत मुग्धा कोणाची आहे हे कोणाला कळू नये असं तोंड करून चालत होती.

‘‘बाबा, प्लीज,’’ ती गाडीत म्हणाली. ‘‘तुम्ही एक्सप्लेन करण्याआधी मला बोलू देत जा. त्यांना वाटलं तुम्ही ब्रोक आहात.’’

‘‘मग कोलाची फुकट मागायला हवे होते,’’ मी म्हटलं.

सॅन अँटोनिओ ओलांडलं आणि जमीन उंचसखल झाली. चुनखडीच्या पांढुरक्या टेकड्या, त्यांवर बुटकी ओकची झाडं, कोरड्या नद्यांवर भले मोठे पूल. हवा कोरडी झाली आणि मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. दुपारी एका छोट्या गावात जुन्या वस्तूंचं गोदाम दिसलं. आत गालिचे, घोड्यांची खोगिरं, डोळा फुटलेल्या बाहुल्या. मालक उंच टोपीतला, पोट सांभाळत चालणारा गृहस्थ होता. त्यानं काचेखालचा एक खण पुढे सरकवला आणि वसंतरावांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की माझी बांगडी वाढली.

एक कळकट, काळपट चकती. आत १९१९ सालचा सेंट, मागे गव्हाच्या दोन ओंब्या. कडीवर नाल, शुभेच्छा आणि दुकानाची जाहिरात: ‘फर्निचर आणि अंत्यविधी. रात्रंदिवस सेवा.’

‘‘त्या काळी सुतारच शवपेट्या बनवायचे, मॅम,’’ मालक मला म्हणाला. ‘‘मग पुढचंही सगळं तेच बघायचे.’’

‘‘म्हणजे पलंगापासून पेटीपर्यंत एकच दुकान,’’ मी म्हटलं. ‘‘आणि वर गिऱ्हाइकाला शुभेच्छा!’’

‘‘माझ्या आजोबांच्या खिशात होती ती. ब्याण्णव वर्षं जगले. दुकानदाराचा तोटाच झाला.’’

मी सवयीनं घासाघीस केली, मग उठून निघाल्यासारखं केलं. मिरजेच्या मंडईत हमखास लागू पडणारी युक्ती. इथे मालकानं ‘‘हॅव अ गुड वन’’ म्हणून टोपी उचलली आणि मला दारातून मुकाट्यानं परत यावं लागलं. त्यानं सांगितली तीच किंमत देऊन वसंतरावांनी चकती घेतली. गाडीत बसल्यावर त्यांनी एडनाबाईंची यादी मुग्धाकडून पुन्हा वाचून घेतली. ‘हवे आहेत’ या मथळ्याखाली पहिलंच नाव याच फर्निचरवाल्याचं होतं. बाई कित्येक वर्षं ते शोधत होत्या. वसंतराव त्या दिवशी गाडीत गाणं म्हणाले. त्यांना सूर नाही, पण त्या दिवशी मी काही बोलले नाही.

मुक्कामाच्या गावी एक मेक्सिकन किराणा दुकान होतं. त्यात शिरले आणि मला माहेरी आल्यासारखं झालं. मिरच्या, कोथिंबीर, आणि टोपलीत चक्क अख्ख्या चिंचा. ‘तमारिंदो’ (आपली चिंचच) अशी पाटी. गल्ल्यावरच्या बाईनं चिंचांची पिशवी बघून ग्लासातून पिण्याची खूण केली. ही माणसं चिंचेचं सरबत करतात. मी वरण ढवळण्याची खूण केली. ती काय समजली देव जाणे, पण तिनं मूठभर चिंचा वरून घातल्या.

मोटेलच्या खोलीत कुकरमध्ये वरण शिजलं, भात शिजला, मूठभर चिंच मी कोमट पाण्यात भिजत घातली. इथवर ठीक. पण फोडणीशिवाय आमटी घशाखाली उतरत नाही हा आमच्या घरचा दोष. मी कुकरच्याच भांड्यात तेल तापवून मोहरी टाकली. मोहरी तडतडली आणि त्यासरशी छताला लावलेला धुराचा भोंगा असा ओरडायला लागला की शेजारच्या खोलीतलं जोडपं अनवाणी बाहेर धावलं. मुग्धा पलंगावर उभी राहून टॉवेलनं भोंग्याला वारा घालत होती. मॅनेजर आला. नाक वर करून त्यानं वास घेतला आणि हिंदीत म्हणाला, ‘‘आंटी, राई डाली क्या?’’ सुरतेकडचा निघाला. त्याला वाटीभर आमटी दिल्यावर प्रकरण मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंतराव आणि मुग्धा नाश्त्याला खाली गेले. तिथे टेक्सासच्या नकाशाच्या आकाराचे वॉफल मिळतात आणि वसंतराव ते दक्षिणेकडून खायला सुरुवात करतात. मी खोली आवरायला मागे राहिले. सिंकपाशी वाटीत आदल्या दिवशीचा चिंचेचा कोळ उरला होता. टेबलावर उघडा डबा होता. डब्यात ती चकती.

आता मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगते. मला वाटलं, आपण एका परक्या बाईच्या घरी पहिल्यांदा जाणार. दादांच्या नावाची वस्तू मागायची, आणि बदल्यात द्यायची ही असली कळकट चकती? तांबं आहे ते तांब्यासारखं दिसायला नको का? देवाची भांडी काळी ठेवून कोणी पाहुण्यांना बोलावतं का? मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. चिंचेतल्या आम्लानं तांब्यावरचा काळा थर निघतो, हे किती वर्गांना फळ्यावर लिहून दिलं असेल. मी कोळ घेतला, मोटेलच्या कॉफीपाशी ठेवलेली मिठाची पुडी फोडली आणि अंगठ्यानं घासलं. मग जरा टूथब्रशनं. वसंतरावांच्या.

सेंट असा झळकला, की मला माझाच अभिमान वाटला. कडीपाशी थोडं काळं धरलं, पण तिकडे मी लक्ष दिलं नाही. पुसून, कापसात गुंडाळून, डबा बंद करून ठेवला. गुपचूप. एडनाबाईंसमोर उघडल्यावर वसंतरावांचा चेहरा बघायचा होता मला.

तासाभरानं पेट्रोल पंपावर वसंतराव टोपी विकत घ्यायला गेले तेव्हा मी कौतुकानं मुग्धाला सांगितलं. ती नळी हातात धरून तशीच उभी राहिली.

‘‘आई. यू डिड नॉट.’’

‘‘अगं, इतकी छान चमकतेय!’’

‘‘आई, कलेक्टर लोक जुनं नाणं कधीच क्लीन करत नाहीत! तो काळेपणाच हवा असतो त्यांना. क्लीन केलं की नाणं गेलं. रुइन्ड! कोणी हात लावत नाही त्याला. बाबांनी तुला सांगितलं नाही?’’

‘‘ते छत्रीलाही हात लावू नको म्हणतात!’’

पीकन फ्लॅट अजून चाळीस मैल होतं. मी डब्यातून चकती काढली, पंपामागच्या लाल मातीत घोळवली, गाडीतल्या थंड चहात बुडवली आणि मग मुठीत घट्ट धरून बसले, घामानं तरी काळी पडेल म्हणून. वसंतराव नवी टोपी घालून पुढे बसले होते. आक्कांना ते काय काय सांगणार आहेत ते मागे वळून वळून मला सांगत होते. प्रत्येक वेळी मी हसून मान हलवली. चाळीस मैलांनंतर मूठ उघडली. सेंट आधीपेक्षा जास्त चमकत होता. तसाच गुपचूप कापसात परत ठेवला.

पीकन फ्लॅट म्हणजे एक रस्ता, एक पाण्याची टाकी आणि पीकनची (अक्रोडासारखं फळ देणारी) मोठमोठी झाडं. एडनाबाई ओसरीवर झोपाळ्यात बसून आमची वाट बघत होत्या. ऐंशीच्या पुढच्या, काटक, पांढरे केस पुरुषासारखे कापलेले. त्यांनी आम्हाला उंच ग्लासात बर्फाचा गोड चहा दिला, पीकनचा पाय (गोड सारण भरलेला केकसारखा पदार्थ) दिला, आणि हवापाण्याच्या गप्पा न मारता टेबलावर हिरवं कापड पसरलं.

‘‘बघू,’’ म्हणाल्या.

वसंतरावांनी कापूस उलगडला. एडनाबाईंनी दिवा लावला, भिंग डोळ्याला लावलं. वसंतरावांनीही तेव्हाच चकती पाहिली. त्यांच्या मानेपासून कानापर्यंत रंग चढताना मला दिसला.

‘‘हे कोणीतरी धुतलंय,’’ एडनाबाई म्हणाल्या. ‘‘अगदी आत्ताच. कडीवर ओरखडे आहेत. किती वर्षं मी हे शोधत होते, आणि कोणीतरी ते भांड्यासारखं घासलंय.’’

वसंतराव माझ्याकडे वळले.

‘‘मी,’’ मी इंग्रजीत म्हटलं. ‘‘मी घासलं. यांचा काही दोष नाही. मला वाटलं, चांगलं दिसेल.’’

वसंतराव मराठीत फुटले. ‘‘तुला घासायला दुसरं काही मिळालं नाही?’’

‘‘मोटेलात तांब्याचं दुसरं काही नव्हतं,’’ मी म्हटलं, आणि मला रडू आलं. टोपी घातलेला हा माणूस सहा हजार रुपयांच्या चष्म्यातून त्या चकतीकडे असा बघत होता, की घरात काहीही फोडलं असतं तरी मला इतकं वाईट वाटलं नसतं. हातातोंडाशी आलेला त्यांचा भाऊ मी घालवला होता.

‘‘कशानं घासलंत?’’ एडनाबाईंनी विचारलं.

मला तो प्रश्न चौकशीचा वाटला. मी पर्समधून उरलेल्या चिंचांची पिशवी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक शेंग मोडली, नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग उठून आत गेल्या आणि एक सपाट लाकडी पेटी घेऊन आल्या. त्यातून तीन चकत्या काढून हिरव्या कापडावर ओळीत मांडल्या. तिन्हींवर डॉ. दत्ता. तिन्हींतले सेंट विचित्र गुलाबी.

‘‘हेही धुतलेले आहेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण कडीवर एक ओरखडा नाही. म्हणजे कडीत बसवण्याआधी धुतले. आणि कोणी धुतले ते मला माहीत आहे, मी पाहिलंय. डॉकच्या, म्हणजे या डॉ. दत्ताच्या, दवाखान्याची मागची पायरी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होती. दर शनिवारी दवाखाना बंद केला की तो तिथे बसायचा. लोणच्याच्या बाटलीत असलाच तपकिरी राडा, आणि मांडीवर सेंटांचा ढीग. अंगठ्यानं घासायचा, एकेक. मग ते खोक्यात भरून चकत्या बनवणाऱ्यांकडे पाठवायचा. लहान पोरांचा दात काढला की एक द्यायचा. मी म्हटलं, डॉक, पाठवायचे तर नवे कोरे सेंट पाठव की, घासतोस कशाला? तर म्हणाला, ‘घरी हे माझं काम होतं.’ ’’

मुग्धानं ते मराठीत सांगायची गरज नव्हती. वसंतरावांना कळलं होतं. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

‘‘शनिवारी,’’ ते म्हणाले. ‘‘शनिवारीच असायचं. दादा घासायचा, मी पाणी ओतायचो. पितळ आक्काकडे, तांबं दादाकडे.’’ आणि पासष्ट वर्षांचे वसंतराव त्या परक्या ओसरीवर हुंदके देऊन रडले. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, यावरून मला माफी मिळाल्याचं मी समजले.

एडनाबाई रडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी मुग्धाला विचारलं, हे कोण डॉकचे? भाऊ म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, तीनपैकी एक चकती उचलून वसंतरावांसमोर ठेवली आणि आमची फर्निचरवाल्याची चकती स्वतःच्या पेटीत ठेवली.

‘‘पण ती तर खराब झाली,’’ वसंतराव म्हणाले. प्रामाणिक माणूस, काय करणार!

‘‘माझ्याकडे नसलेलं आणा म्हटलं होतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘भांड्यासारखा घासलेला अंत्यविधीवाला माझ्याकडे नव्हता. आता आहे. बदली ती बदली. आणि त्या शेंगा ठेवून जा.’’

परतीच्या वाटेवर वसंतरावांनी पहिले पन्नास मैल माझ्याशी अबोला धरला. मग मुग्धाला म्हणाले, ‘‘तुझ्या आईला विचार, माझा टूथब्रश ओला का होता?’’ मी झोपेचं सोंग घेतलं. बाहेर चुनखडीच्या टेकड्यांवर ऊन उतरत होतं, कुंपणापाशी हरणं उभी होती. मुग्धा मध्येच हसायला लागली, मग तेही हसले. मला सोंगात हसू दाबणं कठीण गेलं. नवा टूथब्रश मी सॅन अँटोनिओला घेऊन दिला.

ऑगस्टमध्ये आम्ही मिरजेला परतलो. दुसऱ्याच दिवशी आक्का आल्या. त्यांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. मुग्धाची चौकशी झाली, मी आणलेल्या चॉकलेटांना नावं ठेवून झाली. मग वसंतरावांनी ती चकती त्यांच्या हातात ठेवली. एडनाबाई, पायरी, बाटली, काही म्हणजे काही सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं.

आक्कांनी नाव वाचलं. चेहरा दगडासारखा झाला. ‘‘हे कशाला आणलंस?’’ असं म्हणून त्या चकती परत देणार, तेवढ्यात त्यांचा अंगठा सेंटवरून फिरला आणि थांबला. त्या उठून खिडकीशी गेल्या. उजेडात चकती तिरकी धरली, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा बघितलं. आयुष्यभर भांडी घासलेल्या बाईला तांबं वाचता येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

‘‘ही चिंचेनं घासलीय,’’ त्या म्हणाल्या.

वसंतरावांनी नुसती मान हलवली.

‘‘त्यानंच घासलीय. बघ, कडेला डाग राहिलेत. मीठ नाही घातलं. शंभरदा सांगितलं असेल मी, नुसत्या चिंचेनं डाग राहतात, मीठ घाल. ऐकेल तर शपथ.’’ चकती त्यांनी दोन्ही हातांत घेतली आणि तिच्याकडे बघून, घरातल्याच कोणावर डाफरावं तसं म्हणाल्या, ‘‘दत्तू, मीठ रे!’’

त्यांच्या तोंडून ते नाव मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ऐकलं. वसंतराव आक्कांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. ती चकती आता आक्कांकडे असते, आणि ती परत मागायची आमच्यापैकी कोणाची हिंमत नाही.